आघात मुद्रक : ठोक्यातून उमटणारे अक्षर आणि त्याच्या मर्यादा

तंजावर येथील बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. दुसरे सरफोजी राजे यांच्या आज्ञेवरून १८०३ मध्ये तो देवनागरी लिपीत भिंतीवर कोरण्यात आला. छिन्नीच्या एकेका घावाने अक्षर घडविण्याचे हे काम झाल्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत त्याच नगरीत देवनागरी अक्षरे कागदावर उमटविणारा छापखानाही सुरू झाला. ‘नवविद्याकलानिधी’ या नावाने तो ओळखला जातो. इसापच्या कथांचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर १८०६ मध्ये येथे छापण्यात आले. देवनागरी लिपीत छापलेल्या अगदी आरंभीच्या मराठी पुस्तकांमध्ये त्याची गणना होते. एकनाथांच्या भावार्थ रामायणातील युद्धकांडही १८०९ मध्ये याच छापखान्यातून बाहेर पडले.

एखादा कठीण आकार दाबून अथवा ठोकून त्याचा ठसा दुसऱ्या पृष्ठावर उमटविणे, हे या छापखान्यामागील तत्त्व होते. पुढे टंकलेखन यंत्र म्हणजेच टाइपरायटर आणि त्यानंतर संगणकाला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर याच तत्त्वावर चालला. बँकेच्या खिडकीमागून, वाहतूक कंपनीच्या कचेरीतून किंवा औषधांच्या घाऊक विक्रेत्याच्या दुकानातून येणारा ‘कर्र-कर्र’ असा आवाज अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा यंत्रांना तांत्रिक परिभाषेत आघात मुद्रक म्हणतात.

आघात मुद्रकात तीन घटक अनिवार्य असतात. ठोका देणारा भाग, शाई भरलेली फीत म्हणजे रिबन, आणि ज्यावर कागद टेकतो तो रूळ अथवा पाट. ठोका रिबनीवर बसतो, रिबन कागदावर दाबली जाते आणि दाबल्या गेलेल्या जागेपुरती शाई कागदाच्या तंतूंत उतरते. लेझर, इंकजेट आणि औष्णिक मुद्रकांत असा आघात नसतो. लेझर मुद्रकात विद्युतभाराच्या साहाय्याने रंगाची भुकटी कागदावर चिकटवली जाते, इंकजेटमध्ये शाईचे सूक्ष्म थेंब फेकले जातात, तर औष्णिक मुद्रकात कागदावरील रासायनिक लेप उष्णतेने काळा पडतो.

आघात पद्धतीची बहुतेक बलस्थाने आणि जवळपास सर्व मर्यादा या एका ठोक्यातून उद्भवतात. ठोका खोलवर जातो, म्हणून एकाच वेळी अनेक प्रती निघतात आणि छाप टिकतो. परंतु ठोका देण्यासाठी यंत्राजवळ जो आकार तयार असतो, तोच कागदावर उमटू शकतो. रोमन लिपीसाठी ही अट फारशी जाचक ठरली नाही. देवनागरीला मात्र तिची किंमत दोनशे वर्षे मोजावी लागली.

तंजावरचे खिळे

सरफोजी राजांच्या काळापूर्वी सुमारे शतकभर आधीच तंजावरच्या परिसरात मुद्रणकला पोहोचली होती. तेथून सुमारे १०० किलोमीटरवर, समुद्रकिनारी असलेल्या तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीतील ख्रिस्ती मिशनने १७१२ ते १७१३ च्या सुमारास छापखाना उभारला. जर्मनीतील हाले येथून तमिळ अक्षरांचे खिळे तेथे आले. आलेले खिळे आकाराने मोठे असल्याने कागद फार लागू लागला, तेव्हा मिशनने लहान आकाराचे खिळे स्थानिक पातळीवर ओतून घेतले. याच मिशन-परंपरेतील धर्मोपदेशक क्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे सरफोजी राजांचे शिक्षक होते. १७९८ मध्ये गादीवर आलेल्या राजांच्या हाती पुढच्याच वर्षीच्या तहानंतर राज्यकारभार फारसा उरला नाही. त्यांनी आपले लक्ष ग्रंथ, वैद्यक आणि शिक्षण यांकडे वळविले. सरस्वती महाल ग्रंथालयाचा आजचा विस्तार ही प्रामुख्याने त्यांचीच देणगी आहे.

त्या काळच्या हातछापखान्यात एकेक अक्षर धातूच्या खिळ्यावर उलटे ओतलेले असे. जुळारी हे खिळे खणांतून उचलून ओळीने जुळवीत असे, त्यावर शाई लावली जात असे, ओलसर कागद अंथरला जाई आणि दांडा ओढून वरून दाब दिला जाई. काटेकोर अर्थाने हा ठोका नव्हे, दाब होय. पण आघात मुद्रणाचे मूळ तत्त्व त्यात पूर्णपणे आहे. ज्या अक्षराचा खिळा खणात नाही, ते अक्षर पानावर येऊ शकत नाही.

येथेच देवनागरीची अडचण सुरू होते. इंग्रजीसाठी लहान-मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून शंभर-सव्वाशे खिळे पुरतात. देवनागरीत व्यंजनाला मात्रा, वेलांटी, उकार लागतात, दोन-तीन व्यंजने एकमेकांत मिसळतात आणि मिसळताना आपला आकारही बदलतात. ‘क’ आणि ‘ष’ जोडल्यावर ‘क्ष’ होतो, त्यात मूळच्या दोहोंपैकी एकही सहज ओळखू येत नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि मत्तयाचे शुभवर्तमान देवनागरीत छापले. तेथे पंचानन कर्मकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरीसाठी हाती घेतलेला संच सुमारे ७०० आकारांचा होता. एवढे पोलादी ठसे हाताने कोरणे, त्यावरून साचे करणे आणि खिळे ओतणे, हे अनेक वर्षांचे व खर्चाचे काम होते.

मराठीत देवनागरीला ‘बालबोध’ म्हणण्याचा प्रघात होता, हे तंजावरच्या पहिल्या पुस्तकाच्या नावावरून वाचकांच्या लक्षात येईलच. दप्तराची लिपी मात्र मोडी होती. तंजावर दरबाराचा व्यवहारही मोडीत चाले आणि त्या कागदपत्रांचे रुमाल आजही सरस्वती महालात आहेत. मोडी ही हात न उचलता लिहिण्याची लिपी. तिची अक्षरे एकमेकांत वाहत जातात, सुट्या खिळ्यांत ती मावणे त्याहून कठीण. श्रीरामपूर येथे मोडीचे खिळे पाडण्यात आले आणि कॅरी यांचा १८१० चा मराठी शब्दकोश त्यांत छापला गेला. तरी छापील मराठीत बालबोधच रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत शिळाप्रेस लोकप्रिय होण्याचे एक कारणही हेच होते. शिळाप्रेसमध्ये लेखनिक हाताने लिहितो आणि तेच लेखन दगडावरून छापले जाते. तेथे खिळ्यांचा प्रश्नच उद्भवत नाही.

कळा किती आणि अक्षरे किती

छापखान्यात खिळ्यांसाठी आणखी एक खण जोडता येत असे. टाइपरायटरने ती मुभाही काढून घेतली. या यंत्रात प्रत्येक कळेमागे एक दांडी असते, दांडीच्या टोकाला दोन अक्षरे कोरलेली असतात आणि कळ दाबताच दांडी उसळून रिबनीवर आदळते. सुमारे ४६ कळा आणि प्रत्येकीवर दोन अक्षरे, म्हणजे एकूण ९२ आकार. देवनागरीचे सातशे आकार त्यांत बसवायचे होते.

त्यासाठी अनेक तडजोडी करण्यात आल्या. मात्रा, अनुस्वार आणि उकार यांच्या कळा ‘अचल’ ठेवण्यात आल्या. अशी कळ दाबल्यावर चिन्ह उमटते, पण कागद पुढे सरकत नाही, त्यामुळे पुढचे अक्षर त्याच जागी येऊन बसते. अर्ध्या अक्षरांना काना जोडून पूर्ण अक्षर करण्याची युक्ती वापरण्यात आली. ‘द्ध’, ‘ह्म’, ‘ट्ट’ यांसारखी जोडाक्षरे पाय मोडून लिहिण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मात्रा सर्व अक्षरांवर एकाच उंचीवर आणि एकाच ठिकाणी बसत असल्याने रुंद आणि अरुंद अक्षरांवर ती सारखी शोभत नसे. शासकीय कचेऱ्यांतील जुनी टंकलिखित पत्रे पाहिल्यास हा दोष चटकन ध्यानात येतो.

यंत्राला लिपीजोगे करता येत नसेल तर लिपीलाच यंत्राजोगे करावे, असा विचारही त्या काळात बळावला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचे प्रयत्न केले होते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ‘अि’, ‘अी’, ‘अु’ अशा स्वरांच्या लेखनाचा पुरस्कार केला. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून काढून उजवीकडे नेण्याची शिफारस केली. वाचकांच्या आणि शिक्षकांच्या अंगवळणी हा बदल पडला नाही आणि पुढे तो मागे घेण्यात आला. शतकानुशतकांची वेलांटी एका दांडीच्या सोयीसाठी जागा बदलणार होती, ही गोष्ट आज विचित्र वाटते. परंतु तेव्हा कार्यालये, न्यायालये आणि वृत्तपत्रे यांपुढे हा व्यवहाराचा प्रश्न होता. भारतात टाइपरायटरचे उत्पादन १९५५ पासून करणाऱ्या गोदरेज कंपनीने ते २००९ मध्ये थांबविले.

संगणकयुगाच्या प्रारंभी आघात मुद्रकांनी याच वाटेने प्रवास केला. आयबीएम कंपनीच्या १९५९ मधील १४०३ या ओळ-मुद्रकात अक्षरांची एक साखळी कागदासमोरून आडवी धावत असे आणि १३२ हातोड्या योग्य अक्षर समोर येताच कागदामागून ठोका देत. मिनिटाला ६०० ओळी छापण्याची या यंत्राची क्षमता त्या काळी थक्क करणारी होती. पण साखळीवरील अक्षरसंच सामान्यतः ४८ चिन्हांचाच असे. १९७०च्या दशकातील डेझी व्हील मुद्रकात फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे मांडलेल्या सुमारे ९६ पट्ट्यांवर अक्षरे असत. छपाई सुबक होती, परंतु आकार तेवढेच.

नऊ पिनांचे हेड

ही कोंडी डॉट मॅट्रिक्स पद्धतीने फोडली. अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० मध्ये आणि जपानच्या एप्सन कंपनीने १९८० मध्ये एमएक्स-८० या नावाने आणलेली यंत्रे या प्रकारातील महत्त्वाचे टप्पे मानली जातात. या यंत्रांत तयार अक्षर कोठेच नसते. असतात त्या केवळ बारीक पिना. प्रत्येक अक्षर बिंदूंनी रचले जाते. खिळ्याच्या जागी बिंदू आला आणि कोणताही आकार छापणे निदान तत्त्वतः शक्य झाले.

मुद्रणशीर्ष, ज्याला दुरुस्ती करणारे आणि वापरणारे सर्वजण ‘हेड’ म्हणतात, हा या यंत्राचा प्राण आहे. साध्या यंत्राच्या हेडमध्ये ९ पिना एकाखाली एक अशा उभ्या रांगेत असतात. दोन पिनांमधील अंतर एक इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर असते. प्रत्येक पिनेला स्वतंत्र विद्युतचुंबक लागतो आणि तो पिनेच्या मानाने बराच मोठा असतो. म्हणून सर्व चुंबक मागील बाजूस वर्तुळाकार मांडतात आणि तेथून निघालेल्या पिना मार्गदर्शक छिद्रांमधून हळूहळू जवळ येत टोकाशी एका रांगेत येतात. हेड उघडून पाहिल्यास ही रचना छत्रीच्या काड्यांसारखी भासते.

चुंबकाच्या वेटोळ्यातून क्षणमात्र वीजप्रवाह सोडला की लोखंडी पट्टी खेचली जाते, पिन पुढे फेकली जाते, रिबनीवर आदळते आणि रुळाच्या धक्क्याने व स्प्रिंगच्या ओढीने मागे येते. वेगवान यंत्रांत याच्या उलट योजना असते. तेथे स्थायी चुंबकाने स्प्रिंग आधीच ताणून धरलेली असते आणि वीजप्रवाह त्या चुंबकाचा जोर क्षणभर नाहीसा करून तिला मोकळे सोडतो.

हे सर्व किती जलद घडते, याचा हिशेब साधा आहे. एका इंचात १० अक्षरे छापणारे यंत्र सेकंदाला २४० अक्षरे छापत असेल, तर हेड सेकंदाला २४ इंच धावते. इंचात १२० उभे स्तंभ धरले तर सेकंदाला २,८८० स्तंभ होतात. एवढ्या थोड्या वेळात तीच पिन परत येऊन पुन्हा झेपावू शकत नाही, म्हणून लगतच्या दोन स्तंभांत एकाच पिनेचा बिंदू येऊ न देण्याचा नियम पाळला जातो. तरीही एका पिनेला सेकंदाला १,४४० ठोके मारावे लागू शकतात. पिनेचे टोक टंगस्टन कार्बाइडसारख्या अत्यंत कठीण द्रव्याचे असण्याचे कारण यातून स्पष्ट व्हावे. साधारणपणे एका पिनेचे आयुष्य २० कोटी किंवा त्याहून अधिक ठोके इतके धरले जाते.

रिबन नायलॉनची असून काजळीचे रंगद्रव्य तेलात घोटून केलेली शाई तिच्यात मुरवलेली असते. ही शाई पिनांना वंगणाचेही काम देते. त्यामुळे पूर्णपणे वाळलेली रिबन वापरत राहिल्यास केवळ छपाई फिकट होते असे नाही, पिनाही लवकर झिजतात. बाजारात रिबनीत पुन्हा शाई भरून मिळते. ती शाई योग्य नसेल तर पिनांच्या छिद्रांत साका धरतो आणि पिना अडकतात. काही रुपये वाचविण्याच्या नादात संपूर्ण हेड बदलावे लागल्याची तक्रार दुरुस्तीच्या दुकानांत नवीन नाही.

देवनागरी बिंदूंत

रोमन लिपीचे मोठे अक्षर ७ पिनांत बसते आणि ‘जी’, ‘वाय’ यांसारख्या लहान अक्षरांच्या शेपटीसाठी खालच्या २ पिना पुरतात. नऊ पिनांचे गणित मुळात त्या लिपीसाठी मांडलेले होते. देवनागरीला मात्र उभे तीन थर लागतात. मध्ये अक्षराचे अंग, वर शिरोरेषेपलीकडे वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, ऋकार आणि ‘ट्र’सारख्या जोडाक्षरांचे पाय. ‘कीर्ती’, ‘कुटुंब’, ‘राष्ट्र’ हे शब्द नऊ बिंदूंच्या उंचीत लिहून पाहिल्यास काय होते हे चौकटीच्या वहीवर कोणालाही पडताळून पाहता येईल. अंगाला पाच-सहा बिंदू दिले तर वेलांटीचा गोल बंद होतो आणि ‘घ’ व ‘ध’ यांतील फरक हरवतो.

यावर उपाय म्हणून एकच ओळ दोन किंवा तीन फेऱ्यांत छापली जाऊ लागली. हेड पहिल्या फेरीत वरचा थर छापते, कागद किंचित वर सरकतो, मग खालचा थर छापला जातो. संगणक अशा वेळी अक्षराचा क्रमांक न पाठविता बिंदूंचे चित्रच पाठवितो. रोमन अक्षरासाठी एक बाइट माहिती पुरते. चित्रपद्धतीत इंचाला १२० स्तंभ धरल्यास तेवढ्याच रुंदीच्या अक्षराला एका फेरीत १२ आणि तीन फेऱ्यांत ३६ बाइट लागतात. या पद्धतीत स्तंभागणिक एक बाइट म्हणजे ८ बिंदू पाठविले जात असल्याने नववी पिन बहुधा स्वस्थ बसून राहते. परिणामी तोच प्रिंटर इंग्रजी पान झपाट्याने छापतो आणि मराठी पानाला मात्र कितीतरी अधिक वेळ घेतो.

शिवाय फेऱ्या एकमेकींवर अचूक बसल्या पाहिजेत. कागद केसभर घसरला किंवा हेड ओढणारा पट्टा सैल झाला की वरचा दंड आणि खालचा दंड यांची रेषा जुळत नाही आणि अक्षर मधोमध तुटल्यासारखे दिसते. हेड जाताना आणि येताना, दोन्ही वेळा छापत असेल तर हा दोष अधिक उठून दिसतो. म्हणून चित्रपद्धतीत ते सहसा एकाच दिशेने छापते आणि वेळ आणखी वाढतो.

पुढे आलेल्या २४ पिनांच्या यंत्रांनी हा प्रश्न बराच हलका केला. त्यांच्या पिना सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीच्या असून इंचात १८० बिंदूंची सूक्ष्मता देतात. त्याच सुमारास अक्षरांच्या साठवणुकीचा प्रश्नही मार्गी लागत होता. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले भारतीय लिपींचे काम पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाच्या रूपाने पुढे नेले आणि १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक निश्चित झाले. या पद्धतीत संगणक ‘क’, हलन्त आणि ‘ष’ एवढेच लक्षात ठेवतो, ‘क्ष’चा आकार छपाईच्या वेळी ठरतो. सातशे खिळ्यांचा संच अशा रीतीने यंत्रातून बाहेर पडून आज्ञावलीत गेला. लिपीत काटछाट करण्याची गरज त्यानंतर उरली नाही.

मात्र बारीक पिनेचा ठोका हलका असतो. ९ पिनांचे यंत्र मूळ प्रतीखाली चार कार्बन प्रती सहज काढू शकत असेल, तर २४ पिनांच्या यंत्राची शेवटची प्रत तुलनेने पुसट येते. सुबक अक्षर आणि अधिक प्रती यांपैकी एकाची निवड करणे भाग पडते.

एक पिन तुटली तर

आघात मुद्रकाच्या मर्यादांची यादी देताना आवाज, वेग आणि रंग यांचा उल्लेख नेहमी होतो. त्यात तथ्य आहे. धातूचा कागदावरील मारा गोंगाटाचा असतो, यंत्रावर झाकण घालून तो थोडा कमी होतो, इतकेच. वेग हेडच्या धावण्याने बांधलेला असतो. छायाचित्रे या यंत्रावर छापण्यात अर्थ नसतो. अनेक बहुरंगी रिबनींचे प्रयोग झाले, परंतु गडद रंगाची शाई फिकट पट्ट्याला लागून तो लवकर मळत असे.

उष्णता हीदेखील गंभीर मर्यादा आहे. वेटोळ्यांतून वारंवार जाणाऱ्या प्रवाहामुळे हेड इतके तापते की छपाईनंतर लगेच त्याला हात लावू नये, अशी सूचना यंत्रावरच असते. हेडमधील तापमापक ठरावीक मर्यादेनंतर छपाई मंद करतो किंवा थांबवितो. अनेक उत्पादक ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात यंत्र चालवावे असे सांगतात. तंजावरमध्ये किंवा विदर्भात उन्हाळ्यात पारा त्यापलीकडे सहज जातो.

पण सामान्य नागरिकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दोष वेगळाच आहे. एखादी पिन तुटली किंवा अडकली तर यंत्र थांबत नाही. ते छापतच राहते, केवळ त्या उंचीवरील बिंदू उमटत नाहीत आणि प्रत्येक ओळीतून एक बारीक पांढरी रेघ जाते. इंग्रजी मजकूर तरीही बहुधा वाचता येतो. मराठीत ती रेघ शिरोरेषेवर आली तर संपूर्ण ओळ बोडकी होते. तेवढ्याने अर्थ बिघडत नाही. ती अनुस्वाराच्या उंचीवर आली तर मात्र ‘चिंता’ची ‘चिता’ होते, ‘शिंदे’ हे आडनाव ‘शिदे’ होते, ‘त्यांचा’ वाटा ‘त्याचा’ होऊन बसतो. वारसाच्या नोंदीत किंवा कर्जाच्या कागदात या एका बिंदूचा अर्थ काय होऊ शकतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. फिकट रिबनीमुळे इंग्रजी अंकांतील ३ आणि ८ यांची गल्लत होण्याचा धोकाही असतोच. अशी प्रत हाती आल्यास ती तेथल्या तेथे वाचून पाहणे आणि दुसरी मागून घेणे श्रेयस्कर.

यातही शिरोरेषेची एक गंमत आहे. ती अखंड आडवी रेघ असल्याने तिच्या उंचीवरील पिनेला इतर पिनांपेक्षा कितीतरी अधिक ठोके मारावे लागतात. सतत देवनागरी छापणाऱ्या यंत्रात रिबन आणि पिन यांच्यावरील हा भार असमान पडतो.

तरीही हे यंत्र का टिकले

लेझर मुद्रक स्वस्त झाल्यानंतर घरांतून आणि बहुतेक कार्यालयांतून डॉट मॅट्रिक्स नाहीसा झाला. जेथे तो राहिला आहे तेथे त्याची कारणे ठोस आहेत. एकाच ठोक्यात निघालेल्या मूळ व कार्बन प्रतींमध्ये मजकुराचा फरक असू शकत नाही. वाहतूकदाराची बिल्टी, गोदामाची पावती, मालाचे चलन यांच्या प्रती वेगवेगळ्या हातांत जातात, तेव्हा ही गोष्ट उपयोगी ठरते. लेझर मुद्रकातून निघालेली प्रत्येक प्रत ही स्वतंत्र छपाई असते. पिनेचा ठोका कागदाच्या तंतूंत दबलेली खूणही सोडतो, त्यामुळे खाडाखोड करणे अवघड जाते. कडांना छिद्रे असलेला सलग कागद दातेरी चक्रांनी ओढला जात असल्याने शेकडो पानांचा अहवाल कोणी जवळ न थांबता छापता येतो. धूळ, दमट हवा आणि हलक्या प्रतीचा कागद हे यंत्र निमूटपणे सहन करते.

रिबनीतील काजळीची शाई प्रकाशाने सहसा विटत नाही. औष्णिक कागदावरील छपाईचे तसे नाही. इंधन पंपावरील किंवा एटीएममधील पावती पाकिटात काही महिने राहिली, मोटारीच्या काचेमागे उन्हात पडली किंवा प्लॅस्टिकच्या आवरणात ठेवली तर ती कोरी होते. हमीपत्रासोबत जपून ठेवायची पावती औष्णिक कागदावर असल्यास तिची छायाप्रत काढून ठेवणे हिताचे असते.

रेल्वेच्या डब्यांवर चिकटविले जाणारे आरक्षणाचे तक्ते हे आघात मुद्रणाचे देशातील सर्वांत ओळखीचे रूप होते. भारतीय रेल्वेने १ मार्च २०१८ पासून मोठ्या स्थानकांवर असे तक्ते डब्यांना लावणे प्रायोगिक तत्त्वावर बंद केले आणि प्रवासी आपला आसनक्रमांक मोबाइलवर पाहू लागले. बँकांच्या पासबुकांसाठी मात्र अजूनही २४ पिनांची सपाट मार्गाची यंत्रे वापरात आहेत. पासबुक शिवलेले असते, उघडल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंची जाडी सारखी नसते आणि मधोमध शिवण येते. गरम रुळांतून जाणाऱ्या लेझर मुद्रकात ते घालता येत नाही. पासबुकाचा मुद्रक आधी कागदाची जाडी स्वतः मोजतो, त्यानुसार हेड आणि रूळ यांतील अंतर ठेवतो, मागील नोंद जेथे संपली ती ओळ शोधतो आणि मगच पहिला ठोका देतो.